काळा उजेड नसतो

प्रोजेक्टर पांढरं फेकतो, लाल फेकतो, हवी ती निळाई फेकतो. काळं तेवढं त्याला फेकता येत नाही. शिल्पावर पडलेल्या व्हिडिओत आपल्याला जे काळं दिसतं, ती डोळ्याची बाहुली असो नाहीतर उघड्या तोंडातली पोकळी, ते काळं त्या दालनाचं असतं. यंत्राने तिथे काही फेकलेलं नसतं, किंवा फेकायचं टाळायचा प्रयत्न केलेला असतो. शिल्प आणि व्हिडिओ एकत्र मांडणारं कुठलंही प्रदर्शन या उसन्या काळोखावर उभं असतं. कलाकार प्लास्टर आणतो, फायबर आणतो, चित्रफिती आणतो. काळोख मात्र संग्रहालयाने पुरवायचा असतो, आणि तो पुरवणं हे प्लास्टर ओतण्याहून जिकिरीचं काम आहे.

‘टाळायचा प्रयत्न’ हे शब्द मुद्दाम वापरले. समजा, पुरुषभर उंचीचं पांढरं शिल्प आहे. त्याच्यावर ५,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे यंत्रातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर ४.५ मीटरवरून रोखला आहे. लेन्स १.५ गुणोत्तराची (अंतर भागिले चित्राची रुंदी), म्हणजे चित्राची रुंदी ३ मीटर, उंची साधारण १.९ मीटर आणि क्षेत्रफळ ५.६ चौरस मीटर. भागाकार केला तर शिल्पावर सुमारे ८९० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तितके ल्युमेन, उजेड यायला हवा. रंग नीट जुळवून घेतल्यावर त्यातले ६०० उरले तरी पुष्कळ. पण साध्या प्रोजेक्टरचा खरा कॉन्ट्रास्ट, म्हणजे त्याच्या पांढऱ्याचं त्याच्याच काळ्याशी प्रमाण, असतो हजारास एक. जाहिरातीतला लाखाचा आकडा दिवा आपोआप मंद करून काढलेला असतो, तो इथे कामाचा नाही. हजारास एक म्हणजे चित्र पूर्ण काळं असतानाही ०.६ लक्स उजेड गळतोच. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर ०.३ लक्सच्या वर सहसा जात नाही. म्हणजे यंत्र ज्याला काळं समजतं, ते पुनवेच्या चांदण्याच्या दुप्पट उजळ आहे!

शिवाय उभं शिल्प त्या आडव्या चौकटीतला जेमतेम सातवा हिस्सा व्यापतं. बाकीचं चांदणं मागच्या भिंतीवर सांडतं आणि तिथे एक करडी चौकट दिसू लागते, काटकोनात कापलेली, हटता न हटणारी. व्हिडिओत मूर्तीभोवती कितीही काळं भरा, चौकट जात नाही. उलट डोळे काळोखाला सरावले की ती जास्तच दिसते. या प्रकारच्या प्रदर्शनातला हा सगळ्यात सामान्य दोष. तो एकदा दिसला की मग फक्त तोच दिसत राहतो.

उपाय आहेत, आणि गंमत म्हणजे त्यातले चांगले उपाय हातानेच करायचे असतात. लेन्सच्या पुढे पाच-दहा सेंटिमीटरवर काळी अॅल्युमिनियमची पन्नी धरायची, तिला शिल्पाच्या आकाराचं भोक पाडायचं, कापत कापत मोठं करत न्यायचं. इतक्या जवळ धरलेल्या पन्नीची कड फोकसमध्ये नसते, त्यामुळे उजेड शिल्पाच्या कडेला अलगद विरतो. घाईत काळा पुठ्ठा लावला तर तो उष्णतेने वाकतो, आठवड्याभरात भोक सरकतं आणि मूर्तीचा एक कान काळोखात जातो. दुसरा उपाय, प्रोजेक्टर नव्वद अंशांत आडवा पाडून चित्र उभं करून घ्यायचं आणि यंत्र शिल्पाच्या जवळ आणायचं. मग चौकटच १.९ मीटर उंच आणि १.२ मीटर रुंद होते, सांडण्याची जागा निम्म्याहून कमी. पण जुन्या दिव्याच्या प्रोजेक्टरला असं कुशीवर झोपवलेलं मानवत नाही. आतली हवा चुकीच्या वाटेने फिरते आणि दिवा तापून लवकर जातो. लेझरच्या यंत्रांना बहुतेक कुठलाही कोन चालतो. तिसरा उपाय फक्त जागा मागतो: शिल्प भिंतीपासून ३ मीटर पुढे आणायचं. ४.५ मीटरवरचा गळका उजेड ७.५ मीटरवर जाईतो जवळजवळ एक तृतीयांश होतो. मोठ्या दालनांत हा उपाय फुकटात मिळतो, तरी शिल्पं भिंतीला चिकटवायची खोड सुटत नाही.

आता काळोखाकडे. दालन काळं रंगवलं की काम झालं, असा एक समज असतो. काळा रंग चकचकीत निघाला तर भिंतीत शिल्पाचं प्रतिबिंब दिसतं, आणि पॉलिश केलेल्या फरशीत तर अख्खं शिल्प उलटं लटकतं. हवा असतो तो मॅट रंग, गडद करडा चालतो, आणि जमिनीवर गडद गालिचा. गालिचाने आवाजही धरला जातो. उघड्या दगडी जमिनीवर दोन व्हिडिओंचे आवाज एकमेकांत असे मिसळतात की एकही शब्द कळत नाही.

दारावर जाड पडदा लावतात तेव्हा तो दहाजणांतले आठजण उघडा धरून मागच्याची वाट पाहतात. तेवढ्यात उजेडाची तिरीप थेट शिल्पापर्यंत पोचते. त्यापेक्षा दोन वळणांची बोळ परवडते. तिच्या भिंती बाहेरच्या तोंडाशी फिकट आणि आत जाताना गडद रंगवल्या तर डोळ्यांना उतरायला पायऱ्या मिळतात. उजेडातून आल्यावर डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी दहाएक मिनिटांत सावरतात. मंद उजेड टिपणाऱ्या पेशींना वीस ते तीस मिनिटं लागतात. एवढा वेळ कुणी बोळात थांबत नाही. म्हणून अनुभवी मांडणीकार सगळ्यात मंद शिल्प कधीच पहिलं ठेवत नाही. आधी थोडं उजळ काम, मग अंधुक. क्रम विषयाप्रमाणे लावलेला दिसतो, प्रत्यक्षात तो डोळ्यांप्रमाणे लावलेला असतो.

आणि बाहेर जाण्याच्या वाटेची ती हिरवी पाटी. ती झाकता येत नाही, झाकूही नये. पांढऱ्या शिल्पाच्या सावलीच्या अंगाला तिचा हिरवा हात लगेच उमटतो. तेव्हा नकाशा आखतानाच पाटी कुठे आहे ते आधी बघायचं आणि शिल्प अशा जागी ठेवायचं की पाटी त्याच्या तोंडासमोर येणार नाही. बऱ्याच प्रदर्शनांत हे उद्‌घाटनाच्या आदल्या रात्री लक्षात येतं.

शिल्पाचा पृष्ठभाग म्हणजे काही पडदा नव्हे. पडदा सपाट असतो आणि निमूट असतो, शिल्प उजेडाशी हुज्जत घालतं. किरण ज्या अंगावर सरळ पडतो तिथे पूर्ण उजेड. ते अंग साठ अंशांनी वळलं की उजेड निम्मा, आणि चित्राचा प्रत्येक ठिपका दुप्पट लांब. नाकाच्या दोन्ही बाजू, गालांच्या मागचा उतार, खांद्यांची वळणं, ही सगळी अशीच मंद आणि ताणलेली दिसतात. मूर्तिकाराने कोरलेलं नाक जितकं धारदार, तितका व्हिडिओ तिथे फाटतो. त्यामुळे ज्या शिल्पावर चेहरा फेकायचा असतो त्याचं नाक मुद्दाम बसकं ठेवतात, डोळ्यांच्या खोबणी उथळ ठेवतात. दिव्याच्या उजेडात बघितलं तर असं शिल्प अर्धवट, झिजलेलं वाटतं. ते अपुरं ठेवणं हेच त्यातलं कसब आहे.

रंगाचंही तसंच. शुभ्र पांढरा रंग सर्वांत उत्तम, असं वाटणं साहजिक आहे. शुभ्र मॅट पृष्ठभाग आलेल्या उजेडातला साधारण ८५ टक्के परत करतो. सपाट भिंतीवर ते ठीक. पण डोळ्याच्या खोबणीत तोच उजेड एका भिंतीवरून दुसरीवर उडतो, आणि दोनदा उडूनही त्यातला ७२ टक्के शिल्लक असतो. खोबणीतलं काळं मग पिठूळ होतं. निम्मा उजेड गिळणारा करडा रंग दिला तर दोन उड्यांनंतर उरतात फक्त २५ टक्के. खोबणी पुन्हा खोल दिसते. एकूण उजेड कमी पडतो हे खरं, पण तो मुळात जास्तच असतो. चित्रपटगृहातला पडद्यावरचा पांढरा मॅट पृष्ठभागाच्या हिशेबात १५० लक्सच्या आसपास भरतो. अंधाऱ्या दालनात शिल्पाला त्याहून जास्तीची गरज नाही. ६०० लक्स हा निव्वळ दिमाख आहे.

कापडाच्या, कागदाच्या, नैसर्गिक रंगांच्या शिल्पाला तर तो दिमाख घातक ठरतो. अशा नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयं ५० लक्सची मर्यादा पाळतात. वर्षाला ३,००० तास धरले तर दीड लाख लक्स-तास. आता १६ आठवड्यांचं प्रदर्शन घ्या, आठवड्याला सहा दिवस, दिवसाला आठ तास: ७६८ तास. व्हिडिओ कायम पांढरा नसतो, म्हणून सरासरी पाचवा हिस्सा उजेड धरू, म्हणजे १२० लक्स. तरी ९२,००० लक्स-तास होतात. चार महिन्यांत वर्षाच्या निम्म्याहून जास्त वाटा संपला. शेजारच्या दालनात जलरंगाच्या चित्रावर दिवा मोजूनमापून लावणारी संस्थासुद्धा प्रोजेक्टरला ‘दिवा’ मानायला विसरते.

ठिपक्यांचा हिशेब मात्र उलट्या बाजूने नाडतो. ३ मीटर रुंदीत १,९२० ठिपके, म्हणजे २५ सेंटिमीटर रुंद चेहऱ्याच्या वाट्याला १६०. पासपोर्टचा फोटो नीट छापायलाही याच्या अडीचपट ठिपके लागतात. म्हणून अख्ख्या शरीरावर एक मोठा प्रोजेक्टर रोखण्यापेक्षा चेहऱ्यापुरता लांब पल्ल्याच्या लेन्सचा एक लहान प्रोजेक्टर वेगळा लावावा. चौकट ८० सेंटिमीटरची केली की चेहऱ्याला ६०० ठिपके मिळतात, आणि जागा इतकी छोटी की ५०० ल्युमेनसुद्धा डोळे दिपवतात. अमेरिकन कलाकार टोनी अवर्सलरने १९९०च्या दशकात कापडी बाहुल्यांच्या डोक्यांवर बोलते, चिडलेले, कुरकुरणारे चेहरे फेकले ते अशाच लहान एलसीडी प्रोजेक्टरांतून. डोकं लहान असल्यामुळे तेवढा अशक्त उजेडही पुरला.

या साऱ्याचा पूर्वज संग्रहालयात सापडत नाही. तो करमणुकीच्या बागेत सापडतो, आणि कलासमीक्षक हे जरा नाखुशीनेच कबूल करतात. डिस्नेलँडमधली ‘हाँटेड मॅन्शन’ ही भुताच्या वाड्याची सफर १९६९ साली उघडली. तिथे अर्धपुतळ्यांवर गाणाऱ्या माणसांची फिल्म फेकली जाई. चित्रण करताना गाणाऱ्याचं डोकं स्थिर राहावं लागे, कारण डोकं इंचभर हललं तर ओठ पुतळ्याच्या हनुवटीवर जातील. आजही नियम तोच आहे. शिल्पावर पडणारा चेहरा चित्रित करताना डोकं टेकवून धरायचं, कॅमेरा पुढे प्रोजेक्टर जिथे असेल त्याच उंचीवर आणि त्याच कोनात लावायचा, पार्श्वभूमी काळी. चित्रण स्टुडिओत सोयीच्या उंचीवरून उरकलं आणि प्रोजेक्टर छताला टांगला, की नाकपुड्या वरच्या ओठावर येतात. सॉफ्टवेअरने ओढूनताणून ते झाकता येतं, सुधारता येत नाही.

मायकेल नायमार्क या अमेरिकन कलाकाराचं ‘डिस्प्लेसमेंट्स’ या विषयातलं सगळ्यात निर्दय काम आहे. त्याने एक बैठकीची खोली उभी केली, मध्यभागी फिरणारा कॅमेरा ठेवून तिचं आणि तिथल्या दोन माणसांचं चित्रण केलं. मग खोलीतली प्रत्येक वस्तू, खुर्ची, दिवा, शेल्फ, सगळं पांढऱ्या रंगाने फवारून टाकलं. आणि कॅमेऱ्याच्या जागी तसाच फिरणारा प्रोजेक्टर ठेवून तेच चित्रण तिच्यावर परत फेकलं. वस्तू जिथल्या तिथे होत्या, त्यामुळे उजेडाची तबकडी सरकत जाईल तशा त्या आपापल्या रंगात जिवंत व्हायच्या. माणसं मात्र निघून गेलेली. त्यांची चित्रं रिकाम्या जागेतून मागच्या पांढऱ्या भिंतीवर चपटी पडायची, भुतासारखी. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात ते मांडलं गेलं. उजेडाला टेकायला वस्तू लागते, हे इतक्या सरळपणे दुसऱ्या कुठल्या कामात दाखवलेलं नाही.

जुळणीचं काम, ज्याला सगळे मॅपिंगच म्हणतात, ते बाहेरून जादूसारखं दिसतं आणि आत बैठ्या चिकाटीचं असतं. प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. तो अवकाशात कुठे आहे, कुठे बघतो आहे, त्याची लेन्स कशी आहे, याचं गणित मांडलं तर अकरा अज्ञात संख्या निघतात. शिल्पावरची एक खूण त्रिमित नकाशात आणि प्रोजेक्टरच्या चित्रात, दोन्हीकडे ओळखली की दोन समीकरणं मिळतात. म्हणून कमीत कमी सहा खुणा लागतात, आणि त्या सगळ्या एकाच पातळीत असून चालत नाही. सहाही कपाळावर घेतल्या तर कपाळ छान जुळतं आणि कान हवेत जातात. व्यवहारात दहा-पंधरा खुणा घेतात: नाकाचं टोक, कानाच्या पाळ्या, हनुवटी, खांदे, जमेल तेवढ्या पुढे-मागे. फोकस शिल्पाच्या नाकावर बसवायचा नाही. नाक आणि कान यांच्यामध्ये, पुढून साधारण एक तृतीयांश खोलीवर बसवायचा, म्हणजे दोघांनाही पुरतो. अगदी जवळून फेकणारी लेन्स जागा वाचवते म्हणून मोह पाडते, पण तिला खोली झेपत नाही आणि तिच्या तिरप्या किरणांनी नाकाची सावली कपाळापर्यंत चढते.

ही सगळी जुळणी प्रोजेक्टर चालू केल्यावर लगेच करू नये. अर्धा तास तापू द्यावा. गरम झाल्यावर लेन्स आणि तिची बैठक किंचित प्रसरण पावते, फोकस सरकतो. थंड यंत्रावर केलेली सुरेख जुळणी प्रेक्षक यायच्या वेळेला बिघडलेली असते, आणि मग प्रत्येकजण दुसऱ्याने हात लावला म्हणून भांडतो. मागे तसा एक खरा गुन्हेगारही असतोच. यंत्र ०.०५ अंशाने जरी वळलं तरी ४.५ मीटरवर चित्र ४ मिलिमीटर सरकतं, म्हणजे अडीच ठिपके. डोळ्याच्या कडेला तेवढं पुरतं, बुबुळ पापणीवर चढतं. खोट्या छताला टांगलेली कांब, वरच्या मजल्यावरची वर्दळ, थंड हवेचा झोत, शिल्पाला पाठ टेकून फोटो काढणारा कुणी, यातलं काहीही कारण असू शकतं. बैठक पक्क्या तुळईलाच बोल्टने आवळावी, शिल्पाचा चौथरा जमिनीत खिळवावा आणि चौथऱ्याच्या कोपऱ्यांशी फरशीवर खुणा करून ठेवाव्यात.

प्रेक्षकाच्या सावलीचा प्रश्न याहून अवघड, कारण तो अभियांत्रिकीचा प्रश्न राहत नाही. समोरून एकच प्रोजेक्टर असेल तर जवळ गेलेला माणूस चित्र अडवतो. दोन्ही बाजूंनी दोन लावले तर सावली फिकी होते, पण जिथे दोन चित्रं एकमेकांवर येतात तिथे गळका उजेडही दुप्पट होतो, आणि काळ्या प्रसंगात शिल्पाच्या छातीवरून एक करडा पट्टा उभा उतरतो. यावर काहींनी वेगळीच वाट काढली, सावलीलाच कामात घेतलं. चित्रकार नलिनी मालानी पारदर्शक मायलारच्या (पातळ प्लास्टिकच्या) नळकांड्यांवर मागच्या बाजूने चित्रं रंगवतात, ती नळकांडी छतापासून लटकून फिरत राहतात आणि प्रोजेक्टरचा झोत त्यांच्यातून भिंतीवर जातो. जर्मनीतल्या ‘डॉक्युमेंटा’ या कलाप्रदर्शनात २०१२ मध्ये मांडलेल्या ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’मध्ये अशी पाच नळकांडी आणि सहा व्हिडिओ होते. रंगवलेल्या आकृतींच्या सावल्या, फेकलेली चित्रं आणि मधून चालणाऱ्या माणसांच्या सावल्या एकाच भिंतीवर फिरतात. तिथे प्रेक्षकाला ‘रेषेच्या अलीकडे थांबा’ म्हणून सांगणं म्हणजे काम समजलेलंच नाही. व्हिडिओ-कलाकार बिल व्हायोलाने १९९५ मध्ये ‘द वेलिंग’साठी नऊ पातळ पडदे एकामागे एक टांगले आणि दोन टोकांना दोन प्रोजेक्टर समोरासमोर ठेवले. एकातून पुरुष येतो, दुसऱ्यातून स्त्री. प्रत्येक पडद्यागणिक दोघं मोठी आणि फिकी होत जातात. उजेड पसरतो आणि विरतो, हा एरवीचा दोषच तिथे गोष्ट सांगतो.

आणि अँथनी मॅक्कॉल या कलाकाराने तर वस्तूच काढून टाकली. १९७३ च्या ‘लाइन डिस्क्रायबिंग अ कोन’मध्ये सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर एक ठिपका तीस मिनिटांत वर्तुळ पुरं करतो, आणि त्याचा झोत हवेत एक पोकळ शंकू रचतो. त्या काळी हे व्हायचं धुळीमुळे आणि सिगारेटच्या धुरामुळे, कवडशात धूळ दिसते त्याच न्यायाने. संग्रहालयाच्या गाळलेल्या स्वच्छ हवेत शंकू दिसेना, म्हणून पुढे धुकं सोडणारी यंत्रं आणावी लागली. ती आणली की आगीचा धूर ओळखणारे संवेदक ओरडतात आणि धुक्याचा थर लेन्सवर बसतो. त्यामुळे अग्निशमनवाल्यांशी बोलणं कलाकाराशी बोलण्याच्या आधी झालेलं बरं.

रोजचं चालवणं कंटाळवाणं असतं, आणि प्रदर्शन तिथेच मार खातं. आधी प्रोजेक्टर चालू करायचा, मग व्हिडिओ प्लेअर. उलट केलं तर समोर कुठलं यंत्र आहे हे प्लेअरला कळत नाही, तो चुकीच्या मापाचं चित्र पाठवतो आणि सगळी जुळणी कोसळते. बंद करताना क्रम उलटा. दिव्याच्या यंत्राची वीज एकदम तोडायची नाही, पंखा थांबेपर्यंत वाट पाहायची. आपोआप झोपी जाणं, आपोआप चौकट सरळ करणं, उर्जाबचत, हे सगळं मेनूत जाऊन बंद ठेवायचं. सिग्नल नसताना निळा पडदा दिसण्याची सोयही काळ्यावर आणायची, नाहीतर एके दुपारी शोकमग्न मूर्तीचा चेहरा अचानक निळा होतो. लांब तार पंधरा मीटरच्या पुढे साधी वापरायची नाही. दर आठवड्याला हवेची जाळी साफ करायची.

यंत्रं संपतात. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा दोन-तीन हजार तास चालतो, लेझरचं यंत्र वीस हजार तासांनी निम्म्या उजेडावर येतं. त्यापुढे ते मॉडेलच बाजारात नसतं. व्हिडिओ-कलाकार नाम जून पाइकने १९८८ मध्ये दक्षिण कोरियाच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयासाठी १,००३ जुन्या काचनळीच्या टीव्हींचा मनोरा उभा केला. २०१८ मध्ये तो सुरक्षेसाठी बंद करावा लागला. दुरुस्त होऊन २०२२ मध्ये पुन्हा लागला तेव्हा २६६ टीव्हींमध्ये सपाट पडदे बसवले होते, बाकीच्यांसाठी जुन्या नळ्या डागडुजी करून, धुंडाळून वापरल्या. टीव्हीला निदान आकार असतो, त्याची खोळ जपता येते. प्रोजेक्टर छतावर लपलेला असतो, म्हणून तो बदलला तर कुणाला कळणार आहे, असं वाटतं. कळतं. नवं यंत्र दुप्पट तेजाचं येतं, कुणी ते मंद करत नाही, आणि खोबणीतला काळोख नाहीसा होतो.

म्हणून कामासोबत जी वही ठेवतात तिच्यात प्रोजेक्टरच्या मॉडेलचं नाव कितीही ठळक लिहिलं तरी ते दहा वर्षांत निरुपयोगी होतं. लिहायचं ते हे: पांढऱ्या चित्रात कपाळावर किती लक्स, काळ्या चित्रात किती, मागच्या भिंतीवर किती, दालनात यंत्र बंद असताना किती. लेन्सपासून नाकापर्यंत अंतर, उंची, कोन. शिल्पाच्या रंगाचा एक वाळलेला तुकडा पाकिटात. कलाकाराला विचारून घ्यायचं की सावली पडलेली चालते का, चौकट दिसलेली चालते का, शिल्पावर धूळ बसलेली चालते का. पुष्कळ कलाकारांनी यातल्या निम्म्या प्रश्नांचा विचारच केलेला नसतो, आणि विचारल्यावर त्यांचं काम थोडं बदलतंही.

संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला की प्लेअर बंद होतो, प्रोजेक्टरचा पंखा मिनिट-दोन मिनिटं घुमत राहतो, मग छतावरचे कामाचे दिवे लागतात. दिवसभर बोलणारं डोकं तिथे करड्या रंगाचं, बसक्या नाकाचं, बिनडोळ्यांचं उभं असतं. डाव्या कानाच्या पाळीवर पेन्सिलची एक बारीक फुली आहे. सकाळी यंत्र अर्धा तास तापलं की जुळणी पहिल्यांदा तिथेच तपासायची.